शून्य शून्य तीन

गार्दा सरोवराच्या काठी पांढऱ्या तंबूत
एकाच नंबराच्या दोन गाड्या उभ्या आहेत.
फाल्चेत्ता. चेसिस शून्य शून्य तीन.
लिलाव चार वाजता.

कारखान्यानं केल्या तीनच, असं कागद म्हणतात.
पहिली जळाली, दुसरी म्युझियमनं नेली
आणि तिसरीचा सातबारा काढावा
तर फेरफारावर फेरफार:
कारखाना बुडाला तेव्हा बेर्गामोच्या डॉक्टर मेरातीनं
मालकाच्या मूतखड्याच्या बिलापोटी ती ओढून नेली;
मग डॉक्टरचा मेहुणा, जो एका वळणावर
चेस्टनटच्या झाडाला भेटला;
मग अकरा वर्षं कुणीच नाही;
मग रोसारियोचा मक्याचा व्यापारी,
त्यानं ट्रकचं इंजिन बसवलं
आणि तिच्यातून पोरीला चर्चमध्ये नेलं, नवरीच्या वेषात, तेलकट;
मग जिनोआच्या कस्टम्सचं गोदाम,
आणि शेवटच्या रकान्यात एवढंच:
विकली. रोख.

दुसरीचा कागद सरळ.
ओहायो, एकच कुटुंब, एकच गॅरेज, उंदरांनी खाल्लेली एकच सीट.
इतका सरळ की तज्ज्ञांना झोप नाही.
त्यांनी रंगाचे थर मोजले, वेल्डिंगवर भिंग धरलं,
नंबराच्या तीनचं पोट कुठे जास्त सुटलंय
यावर जेवणाच्या सुट्टीत दोघांचं वाजलं.

शेवटी कार्पीहून नीवेसला आणलं.
वय एक्क्याऐंशी. आयुष्य स्वेटरच्या कारखान्यात गेलं.
बाप, एर्मेते गुआल्दी, पत्रा ठोकायचा.
वाळूच्या पिशवीवर ॲल्युमिनियम ठेवून, डावखुरा, नकाशाशिवाय.

ती गाड्यांकडे नीट बघतसुद्धा नाही.
दिवे घालवा, म्हणाली.
बाही वर सारून मडगार्डच्या आत हात घातला
(बाहेरून सगळे घासतात, आतून कोण घासतंय?)
आणि गाईच्या पोटात हात घातलेल्या डॉक्टरासारखी
तोंड फिरवून उभी राहिली.

मक्याच्या व्यापाऱ्याची: टक टक टक.
ओहायोवाल्यांची: टक टक, दम, टक.

"ही बोटं असतानाची," ती म्हणाली. "ही नसतानाची."
सत्तावन्नच्या मार्चमध्ये रोलरनं त्याची दोन नेली होती.
हातोडी निसटायची, म्हणून दर दोन ठोक्यांनंतर पकड बदलायचा.
मेमध्ये कारखान्यानं चौथी मागितली,
सीमेवरचे कागद मात्र तीनचेच,
म्हणून तिच्यावरही तोच नंबर ठोकला.
"दोन्ही खऱ्याच. त्यानं खोटं काही केलंच नाही कधी.
पैसे तेवढे बुडवून घेतले."

मग पावाच्या पिशवीतून तिनं एक बिल काढलं.
चौथी बॉडी, दोन लाख चौदा हजार लिरा.
खाली कारखान्याचा शिक्का, आणि बापाच्या वाकड्या अक्षरात:
पैसे मिळेपर्यंत पत्रा माझा.

"चेसिस तुमची," ती ओहायोच्या नातवाला म्हणाली,
"इंजिन तुमचं, नंबर तर काय सगळ्यांचाच.
मला पत्रा सोडवून द्या.
साठ किलोंच्या वर भरायचा नाही."

वकील हसला.
मग त्यानं चष्मा लावला.
मग तो बिल घेऊन उजेडात गेला
आणि बराच वेळ तिकडेच राहिला.

चार वाजून गेले.
वेटर वाइनचे ग्लास भरलेलेच परत नेतायत.
नीवेस खुर्चीवर पीच सोलत बसलीय,
साल रुमालात, बी दाताखाली.
नातू विचारतो, आत्ताच्या भावानं तुम्हाला किती हवेत?
ती म्हणते, पत्रा.

भाचा बाहेर जाऊन आला,
सुतळी व्हॅनच्या आत धरून, मग गाडीवर धरून.
दोनदा मोजलं त्यानं.
"आत्या," तो हळूच म्हणाला,
"दोन बोटं कमी पडतायत."